डेटा रिकव्हरीचं टेबल लावताय? आधी अर्थिंग बघा

डेटा रिकव्हरीचं काम सुरू करू पाहणारे जवळपास सगळे पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतात: टूल कुठलं घेऊ? पीसी-३००० परवडेल का, डीपस्पार कसं आहे, की सुरुवातीला लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूवर भागेल? या प्रश्नांची उत्तरं मिळतात. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हे सगळं ज्या बोर्डावर लावणार, त्याच्या तिसऱ्या भोकात खरोखर अर्थ आहे का?

गिऱ्हाईक डिस्क घेऊन येतं तेव्हा ती आधीच बिघडलेली असते आणि आतल्या डेटाची दुसरी प्रत नसते. असती तर ते आपल्याकडे आलंच नसतं. दुकानाची दहा वर्षांची टॅली, वारलेल्या वडिलांचे फोटो, कुणाचा पूर्ण होत आलेला प्रबंध. अशी डिस्क आपल्या टेबलावर विजेनं गेली तर कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणत नाही. शिवाय उघडे पीसीबी (सर्किट बोर्ड), सोल्डर वितळवणारं हॉट एअर, अल्कोहोल आणि २३० व्होल्ट, हे सगळं चार फुटांच्या टेबलावर एकत्र असतं, तेव्हा आपल्याही जिवाचा प्रश्न आहे. घरच्या खोलीत किंवा छोट्या गाळ्यात सुरुवात करणाऱ्यांनी निदान एवढं तरी करून घ्यावं.

काय काय जवळ हवं

कागदांमध्ये:
- वीजबिल (कनेक्शन घरगुती आहे की व्यावसायिक, मंजूर भार किती, हे त्यावर दिसतं)
- परवानाधारक विद्युत ठेकेदारानं दिलेला वायरिंग तपासणीचा अहवाल, त्यात अर्थिंगच्या रेझिस्टन्सचा आकडा लिहिलेला
- प्रत्येक यंत्राचं मॅन्युअल
- डिस्क स्वीकारताना भरायचा फॉर्म

सामानात:
- चांगला मल्टिमीटर, ज्यावर कॅट टू किंवा कॅट थ्री आणि ६०० व्होल्ट असं स्पष्ट छापलेलं आहे
- करंटची मर्यादा ठरवता येणारा डीसी पावर सप्लाय
- नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पावर सप्लाय), जुन्या कॅबिनेटमधून काढलेला नको
- अँटिस्टॅटिक मॅट आणि मनगटी पट्टा
- ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी
- कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक

१. जागेचं वायरिंग तपासून घ्या

एमसीबी बसवला आहे म्हणजे आपण सुरक्षित, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. एमसीबी वायर वाचवतो. जास्त भार किंवा शॉर्ट झाला की पडतो. माणसाच्या अंगातून वाहणारा जीवघेणा करंट त्याच्या हिशेबात इतका छोटा असतो की तो जागचा हलत नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. ३० मिलीअँपिअर करंट भलत्या वाटेनं जमिनीकडे जायला लागला की तो तुटतो. दोन्ही हवेत.

आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पण त्यातून फक्त आतली यंत्रणा चालू आहे एवढंच कळतं. बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे अर्थिंगही चांगलं आहे, असं धरू नका. अर्थची वायर तुटलेली असली तरी ते बटण काम करतं. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आला तर आरसीसीबीला त्यातलं काहीही कळत नाही.

इन्व्हर्टर असेल तर वायरमनला मुद्दाम विचारा की बॅटरीवर चालताना टेबलाच्या लाइनला आरसीसीबीचं संरक्षण राहतं का. बऱ्याच ठिकाणी राहत नाही. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असेल तर आरसीसीबी उगाच पडत राहतो, आणि मग कंटाळून लोक तो काढून टाकतात. काढू नका, न्यूट्रल वेगळे करून घ्या. यूपीएस ऑनलाइन प्रकारचा परवडला तर उत्तम, कारण इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) निघत असताना वीज गेली की डेटा वाचणारे कमजोर हेड पुन्हा तयार होतीलच याची खात्री नसते.

२. अर्थ आहे की नुसतं भोक आहे, ते मोजा

सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. लाल प्रोब व्होल्टच्या भोकातच आहे ना, हे आधी बघा. तो १० अँपिअरच्या भोकात राहिला असेल तर मीटर म्हणजे नुसती वायर होते आणि सॉकेटमध्ये सरळ शॉर्ट होतो.

आता तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला शंभर किंवा दीडशे असं काहीतरी अधांतरी आलं, तर अर्थ तुटलेला आहे किंवा मुळातच जोडलेला नाही.

न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं तर खूश होण्याआधी थांबा. भार चालू असतानाही ते काटेकोर शून्य राहत असेल तर बोर्डाच्या आत कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्यानं जोडून दिलेले असू शकतात. हा प्रकार फार सर्रास चालतो आणि फार वाईट आहे. मागे न्यूट्रल तुटला की तुमच्या कॅबिनेटच्या, हॉट एअरच्या, डिस्कच्या बॉडीवर सरळ फेज येतो. बोर्ड उघडून दाखवायला सांगा, मेन बंद करून.

कोकणात कातळावरच्या घरांना अर्थिंगचा खड्डा नीट लागत नाही. मराठवाड्यात, विदर्भात उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. म्हणून अर्थ टेस्टरनं मोजलेला आकडा लिहून मागा. मी ५ ओहमच्या आत असल्याशिवाय समाधान मानत नाही. आणि मोजणी पावसाळ्यात नको, एप्रिल-मेमध्ये करून घ्या; तेव्हा आकडा चांगला आला तर वर्षभर चांगला.

३. सगळ्या यंत्रांची जमीन एक करा

इथे जरा वेळ द्या. डिस्क मरण्याची जी कारणं 'अचानक गेली' म्हणून सांगितली जातात, त्यातली बरीच इथली असतात.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये आत येणाऱ्या विजेवर दोन छोटे कपॅसिटर असतात: एक फेज ते बॉडी, एक न्यूट्रल ते बॉडी. त्यांचं काम विजेतली घाण अर्थमध्ये सोडणं. अर्थच नसेल तर बॉडी या दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टवर. कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येतात त्या याच. करंट एक मिलीअँपिअरपेक्षा कमी असतो, म्हणून माणसाला काही होत नाही आणि लोक 'थोडा करंट येतोच' म्हणून सोडून देतात. दोन पिनांच्या चार्जरवर चालणारा लॅपटॉपही असाच लटकलेला असतो.

आता कल्पना करा: एका बाजूला असा लटकलेला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला अर्थ असलेल्या सप्लायवर चालणारी डिस्क. त्यांना जोडणारी वायर लागते त्या क्षणी दोघांमधला फरक त्या वायरीतून मोकळा होतो. यूएसबी आणि साटा (डिस्क जोडायची केबल) यांच्या कनेक्टरमध्ये ग्राउंड आधी टेकेल अशी रचना आहे, त्यामुळे बहुतेकदा निभावतं. पण आपण डेटा रिकव्हरीवाले क्लिप लावतो, प्रोब टेकवतो, तीन सुट्या वायरी लावतो. तिथे कोण आधी टेकेल हे कुणीही ठरवलेलं नसतं.

तपासणी सोपी आहे. यंत्रं चालू करा, मीटर एसी व्होल्टवर. काळा प्रोब सॉकेटच्या खात्रीच्या अर्थवर, लाल प्रोब कॅबिनेटच्या मागच्या, रंग न लागलेल्या स्क्रूवर. मग डिस्कच्या बॉडीवर, मायक्रोस्कोपच्या स्टँडवर, हॉट एअरच्या नळीवर, लॅपटॉपच्या यूएसबीच्या पत्र्यावर. सगळीकडे शून्याजवळ हवं. जिथे पन्नास, ऐंशी, शंभर दिसेल ते यंत्र डिस्कला लावायचं नाही.

उपाय म्हणजे टेबलावरची सगळी यंत्रं एकाच दमदार तीन पिनांच्या बोर्डावर, एकाच लाइनवर आणि तीन पिनांच्या वायरीनं. डिस्कला वेगळ्या एसएमपीएसवरून वीज आणि कॉम्प्युटरवरून साटा केबल, अशी मांडणी असेल तर दोन्हींच्या बॉडी जाड वायरनं एकमेकींना जोडून ठेवा. डिस्कची पावर चालू-बंद करायला रिले वापरणाऱ्यांनी आणखी एक जपायचं: ५ आणि १२ व्होल्टच्या वायरी एकदम तोडा, काळी ग्राउंडची वायर कधीच तोडू नका. ग्राउंड तुटलं आणि साटा केबल लागलेली असली, तर मोटरचा सगळा परतीचा करंट त्या केबलच्या बारीक ग्राउंडमधून जायला बघतो.

४. बाहेरून मागवलेली यंत्रं

रशिया, युरोप, चीनमधून आलेल्या यंत्रांचे प्लग आपले नसतात. युरोपियन गोल दोन पिनांच्या प्लगला अर्थ कडेच्या पट्ट्यांतून मिळतो. तो आपल्या युनिव्हर्सल बोर्डात छान घुसतो, यंत्र चालतं, पण कडेच्या पट्ट्या कुठेच टेकत नाहीत. यंत्र अर्थविना चालत राहतं. अडॅप्टर शोधू नका. वायरच बदलून आपली तीन पिनांची, आयएसआय चिन्हाची घ्या. मागे ११५/२३० चा लाल खटका असेल तर तो २३० वर आहे ना, हे पहिल्यांदा लावण्याआधी बघा.

स्वस्त हॉट एअर आणि सोल्डरिंग स्टेशन घेतलं तर प्लग काढलेला असताना अर्थची पिन आणि धातूची नळी, अर्थची पिन आणि सोल्डरिंगचं टोक, यांच्यात बीप तपासा. एक-दोन ओहमच्या आत यायला हवं. नाही आलं तर परत करा. आत उघडून दुरुस्त करत बसू नका.

एसएमपीएस तर अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

५. अंगावरची स्टॅटिक

बोटातून ठिणगी उडाल्याचं आपल्याला जाणवतं तेव्हा ती साधारण ३००० व्होल्टची असते. चिप आणि विशेषतः डिस्कचे हेड त्याच्या कितीतरी कमी व्होल्टवर जातात, म्हणजे आपल्याला काही जाणवण्याआधीच. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत हा त्रास जास्त. कोकणच्या दमट हवेत कमी, पण तिथे गंज आहे.

मनगटी पट्टा घ्या आणि त्याच्या वायरीत १ मेगाओहमचा रेझिस्टर आहे ना, ते मीटरनं मोजा. चुकून फेजला हात लागला तर २३० भागिले १० लाख, म्हणजे पाव मिलीअँपिअरपेक्षाही कमी करंट त्या वाटेनं जातो. हा रेझिस्टर आपला जीव वाचवायला आहे. 'पट्टा हरवला' म्हणून साधी वायर मनगटाला गुंडाळून अर्थला जोडणं म्हणजे शॉक लागल्यावर सुटायची वाट बंद करणं. आणि २३० व्होल्टच्या उघड्या वस्तूवर काम करताना पट्टा काढून ठेवायचा. अंगठी, कडं, लोंबती साखळीही काढा.

चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीच्या थरांमध्ये धातू असतो. तिच्यावर डिस्क ठेवून पावर देऊ नका. पावर देताना पीसीबी खाली येईल असंही ठेवू नका.

६. डिस्कला जाणारी वीज

साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ दोन्ही व्होल्ट लागतात, अडीच इंचीला फक्त ५. मोठी डिस्क फिरायला लागते तेव्हा १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. त्या क्षणी मोजलेलं व्होल्टेज महत्त्वाचं: १२ ची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ ची लाइन ४.७५ ते ५.२५ मध्ये राहिली पाहिजे. म्हातारा एसएमपीएस रिकामा असताना छान आकडे दाखवतो आणि डिस्क फिरताना खाली बसतो. मग चांगली डिस्कही टकटक करते आणि आपण हेड गेले असं समजून बसतो.

मोलेक्समधून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरमधून) साटा काढणारे अडॅप्टर वापरावे लागतात, पण एका ठोकळ्यात ओतलेले, ज्यात आतली जोडणी दिसत नाही, असे घेऊ नका. त्यात आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागते. वायर दाबून बसवलेले, मागून उघडता येणारे घ्या. मोलेक्स उलटा जोर लावून बसवता येतो आणि तसं झालं की ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. पिवळी १२, लाल ५, मधल्या दोन काळ्या ग्राउंड: घालण्याआधी रंग बघायची सवय लावा.

नव्या मोठ्या क्षमतेच्या काही डिस्क एसएमपीएसवर फिरतच नाहीत, पण त्या मेलेल्या नसतात. साटा पावरच्या पहिल्या तीन पिना पूर्वी ३.३ व्होल्टच्या होत्या. आता तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरतात. नारिंगी (३.३ व्होल्टची) वायर नसलेल्या अडॅप्टरवर तीच डिस्क सुरळीत चालते.

७. डिस्क आली की पावर देण्याआधी

फॉर्मवर पहिला प्रश्न: शेवटी कुठला चार्जर लावला होता? एक्सटर्नल डिस्क आणि छोटे डीव्हीआर (सीसीटीव्हीचे रेकॉर्डर) १२ व्होल्टवर चालतात, लॅपटॉपचा चार्जर १९ चा, आणि अनेकदा दोन्हींची गोल पिन एकमेकांत बसते. घरात एकाच खणात दोन्ही पडलेले असतात. गिऱ्हाइकाला चार्जरही आणायला सांगा आणि तो मीटरनं मोजल्याशिवाय कशालाही लावू नका. आपल्या टेबलावरच्या प्रत्येक अडॅप्टरवर व्होल्ट मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. नवे घेताना बीआयएसचा आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा.

मग टी-६ टॉर्क्सनं पीसीबी सोडवा. जळलेला पीसीबी डिस्कवर असताना पावर दिली तर आतल्या प्रीअँपपर्यंत (हेडचा सिग्नल वाढवणाऱ्या चिपपर्यंत) भलतं व्होल्टेज पोचू शकतं, आणि पीसीबीच्या बिघाडाचं काम हेड बदलण्याचं होऊन बसतं. सुट्या पीसीबीवर मीटर ओहमवर ठेवून ५ व्होल्टची पिन ते ग्राउंड आणि १२ व्होल्टची पिन ते ग्राउंड मोजा. बीप वाजला किंवा एक-दोन ओहम आले तर शॉर्ट आहे. कनेक्टरजवळ टीव्हीएस डायोड असतात, सहसा प्रत्येक लाइनला एक. जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होऊन मागच्या चिपा वाचवतात. अशा वेळी एसएमपीएसचा पंखा एकदा हलतो आणि थांबतो. ही बऱ्याचदा चांगली बातमी असते.

शॉर्ट झालेला टीव्हीएस काढला की बोर्ड अनेकदा जिवंत होतो. पण आता त्याच्यापुढे कुठलीही ढाल नाही. म्हणून आधी डीसी सप्लायवर, ५ व्होल्टला १ अँपिअरची मर्यादा लावून, सुटा बोर्ड तपासा. करंट मर्यादेला जाऊन टेकला तर लगेच बंद. बोट लावून कुठली चिप तापते ते बघायचं तर पहिल्या दोन सेकंदांत आणि जपून. बोर्ड शांत राहिला तरच डिस्कवर चढवा, खात्रीच्या सप्लायवर इमेज काढा, आणि तो टीव्हीएस नसलेला बोर्ड गिऱ्हाइकाला 'दुरुस्त' म्हणून परत देऊ नका.

८. रॉम आणि सिरियल वायरी

२००९ च्या सुमारास सीगेटच्या ७२००.११ मालिकेत फर्मवेअरचा दोष निघाला आणि सिरियल अडॅप्टर लावून डिस्कशी बोलायला अनेक हौशी शिकले. आजही नवखे इथूनच सुरुवात करतात. लक्षात ठेवायचं इतकंच: ३.३ व्होल्टचा टीटीएल अडॅप्टर, कॉम्प्युटरचा जुना सिरियल पोर्ट नव्हे. फक्त ग्राउंड, आरएक्स (येणारा डेटा), टीएक्स (जाणारा डेटा). व्हीसीसीची (विजेची) वायर लावायचीच नाही. ग्राउंड सगळ्यात आधी लावायचं, सगळ्यात शेवटी काढायचं.

रॉम (पीसीबीवरची छोटी मेमरी चिप) वाचायच्या स्वस्त काळ्या सीएच३४१ए प्रोग्रामरमधून डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट निघतात, चिप मात्र ३.३ ची असते, काही वेळा १.८ ची. प्रोग्रामर मोजून, दुरुस्त करून किंवा बदलूनच वापरा. डिस्कला पावर असताना क्लिप लावू नका. त्या रॉममध्ये त्याच डिस्कच्या हेडसाठी जुळवलेली माहिती असते. ती गेली तर डोनर बोर्ड (तशाच दुसऱ्या डिस्कचा) आणूनही बहुतेकदा उपयोग नाही.

काढताना: पावर बंद, प्लेट थांबेपर्यंत अर्धं मिनिट थांबा, मग वायरी.

९. पुरात भिजलेल्या डिस्क आणि अल्कोहोल

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी ओसरल्यावर लोकांनी दुकानातले कॉम्प्युटर उन्हात वाळवून चालू करून बघितले. असं करू नका, करू देऊ नका. डिस्कच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. हीलियमच्या सीलबंद डिस्क सोडल्या तर पाणी आणि गाळ तिथून आत जातो. भिजलेली डिस्क आहे तशी पिशवीत बंद करून आणायला सांगा. नवख्यांनी ती उघडूही नये, पावर तर नाहीच.

पीसीबी धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण त्याची वाफ १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. अल्ट्रासॉनिक टाकीत ते ओतू नका. टाकीत पाण्यात मिसळणारं क्लीनर वापरा. अल्कोहोल हातानं, थोडं, हॉट एअरपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. बोर्ड पूर्ण सुकल्याशिवाय पावर नाही.

१०. शॉक लागला, आग लागली तर

मेन स्विच कुठे आहे हे तुमच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा आणि त्याच्यासमोर खोकी रचू नका. शॉक लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही. आधी मेन बंद. ते शक्यच नसेल तर कोरड्या लाकडानं किंवा जाड प्लास्टिकनं वायर बाजूला करा, स्वतः कोरड्या जागी उभं राहून. श्वास नसेल तर सीपीआर सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. आग लागली तर पाणी नाही: वीज तोडा, मग कार्बन डायऑक्साइड. पावडरनंही आग विझते, पण ती टेबलावरच्या प्रत्येक डिस्कमध्ये आणि बोर्डात शिरते. बंद खोलीत गॅस मारल्यावर लगेच बाहेर या.

शॉक लागलेला माणूस 'मी बरा आहे' म्हणाला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि ईसीजी काढून घ्या.